शुश्रूषेची परीक्षा

यावल तालुक्यांतील एका केळीच्या बागाइतदारानें कांहीं महिन्यांपूर्वीं मला एक काम सांगितलें. त्याच्या आईला अर्धांगवायूचा झटका येऊन तिचें उजवें अंग गेलें होतें. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त परगांवीं, बायको घर आणि गुरें यांत गुंतलेली, स्वतः तो पहांटेपासून बागेंत. आणि आईला तर दर दोन तासांनीं कूस पालटून देणारें कोणीतरी हवें. शेवटीं जिल्ह्याच्या ठिकाणीं अशा परस्वाधीन वृद्धांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, ती पाहून यावी असें घरांत ठरलें. "भाऊ, तुम्हीं चार पुस्तकें वाचलीं आहेत, बरोबर चला, आणि जागा चांगली कीं वाईट तेवढें सांगा," असें तो म्हणाला. मी गेलों.

जागा चांगली होती. फरशी स्वच्छ, चादरी पांढऱ्या, न्हाणीघरांत धरावयास दांड्या, भिंतीवर आग विझविण्याचीं लाल नळकांडीं. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशीं एक तक्ता होता. त्यावर औषध केव्हां दिलें, ताप किती होता, पाणी किती वेळां दिलें, हें सारें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें होतें. प्रत्येक खाटेच्या उजव्या बाजूस एक लहान मेज आणि त्यावर झांकण घातलेला पाण्याचा पेला. व्यवस्थापक सौजन्यानें बोलले, दर सांगितले, शंका विचारा म्हणाले. आम्हांला शंका सुचल्या नाहींत. परत येतांना तापीचा पूल लागेपर्यंत आम्ही दोघेहि समाधानांत होतों. पूल ओलांडल्यावर तो एकाएकीं म्हणाला, "भाऊ, पेला सगळ्यांच्या उजवीकडेच होता. मायचा तर उजवा हातच गेला आहे."

माझी सारी परीक्षा त्या एका वाक्यानें फुकट गेली. त्या दालनांत उजवें अंग गेलेलें आणखी कोणी आहे काय, हें आम्हीं विचारलेंहि नव्हतें. असल्यास त्याच्या तक्त्यावर 'पाणी दिलें' अशी नोंद असणार, आणि ती खोटी म्हणतां येणार नाहीं. पाणी होतें, पेला होता, नोंदहि होती. केवळ तहान भागण्याची सोय नव्हती. तेव्हांपासून दोन प्रश्न माझ्या मनांतून जात नाहींत. परस्वाधीन माणसाची निगा चांगली होते कीं नाहीं आणि तो तेथें सुरक्षित आहे कीं नाहीं, हें तिऱ्हाइतानें कशावरून ओळखावें? आणि तें नीट ओळखतां येत नसेल, तर आपलें माणूस तेथें ठेवणें नीतीस धरून होईल काय?

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. 'नर्सिंग होम' हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो निराळ्या अर्थानें. यावल, फैजपूर, भुसावळ या बाजूस नर्सिंग होम म्हणजे एखाद्या डॉक्टरचें थोड्या खाटांचें खाजगी इस्पितळ. तेथें माणूस बाळंतपणाला किंवा शस्त्रक्रियेला जातो आणि आठ दिवसांनीं घरीं येतो. पाश्चात्य देशांत याच नांवानें ओळखलें जाणारें घर वेगळें. तेथें वृद्ध जातो तो बहुधा तेथेंच राहण्यासाठीं. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याची व्याख्या पाहिली तर तींत आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलतेचाहि समावेश आहे. आज महाराष्ट्राच्या नांवानें चालू असलेला हा कायदा व्यवहारांत मात्र इस्पितळांचाच कायदा म्हणून ओळखला जातो. वृद्धांचीं घरें आपल्याकडे आश्रयस्थानें म्हणून निघालीं. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या नांवाचें अनाथपंगुगृह १८६३ सालीं स्थापन झालें. तें आज 'निवारा' या नांवानें चालू आहे. १९९५ सालीं महाराष्ट्र सरकारनें मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. या सर्वांच्या मुळाशीं कल्पना होती ती छप्पर, अन्न आणि सोबत यांची. परंतु पासष्टाव्या वर्षीं स्वतःच्या पायांनीं आंत गेलेला मनुष्य ऐंशीव्या वर्षीं अंथरुणास खिळतो, आणि आश्रयस्थान कोणाच्या ध्यानींमनीं नसतांना शुश्रूषागृह होऊन बसतें. पाटी तीच राहते. आंतलें काम मात्र दसपट कठीण झालेलें असतें.

कायद्यानें या बाबतींत कांहीं केलें नाहीं असें नाहीं. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाच्या कायद्यांत, प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, दीडशें निर्धन वृद्ध राहूं शकतील असा आश्रम राज्य सरकारला स्थापतां येईल, असें कलम आहे. आश्रमांच्या व्यवस्थेचीं मानें ठरविण्याचीहि मुभा त्यांत आहे. मात्र 'स्थापील' आणि 'स्थापूं शकेल' यांत जें अंतर आहे तें या देशांतील नागरिकास समजावून सांगावयास नको. वृद्धसेवागृहांची नोंदणी सक्तीची करावी व त्यांचीं किमान मानें ठरवावीं अशा आशयाचें दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरांत लोकसभेंत आलें. त्याचा कायदा न होतांच ती लोकसभा २०२४ सालीं संपली. तेव्हां अशा घराची पारख करण्याचें ओझें अखेर त्या वृद्धाच्या मुलावर किंवा मुलीवरच येऊन पडतें, आणि तें काम त्यांना कोणीं शिकविलेलें नसतें.

पारख करण्याचें शास्त्र अगदींच नाहीं असें नाहीं. अव्हेडिस डोनाबेडियन या अमेरिकेंतील वैद्यकपंडितानें १९६६ सालीं एका निबंधांत आरोग्यसेवेच्या परीक्षेचीं तीन अंगें सांगितलीं: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेंत बोलावयाचें तर चूल-भांडीं कशीं आहेत, रांधण्याची रीत कशी आहे, आणि जेवणाऱ्याच्या अंगीं तें अन्न लागतें कीं नाहीं. ही विभागणी इतकी सरळ आहे कीं ती आज जगभर शिकविली जाते. पण प्रत्येक अंग कोठवर साक्ष देतें, हें जपूनच पाहिलें पाहिजे.

रचना डोळ्यांना दिसते, म्हणून पाहुणा तिच्यावरच भाळतो. आम्हीहि भाळलों होतों. संगमरवरी फरशी रोग्याच्या कांहीं उपयोगाची नसते. ओली झाली तर ती घातकच होते. खरी रचना पाहावयाची तर दुसऱ्या गोष्टी पाहिल्या पाहिजेत. रात्रीं दोन वाजतां किती माणसें जागीं असतात? तीं किती खाटा सांभाळतात? हांक मारण्याची घंटा झोंपलेल्याच्या हाताशीं आहे कीं भिंतीवर उंच आहे? खानदेशांत पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत पत्र्याखालच्या खोलींत कोणाला ठेवतात? आग लागली तर चालतां न येणाऱ्यांना कोण उचलणार, कोणत्या दारानें नेणार, आणि त्या दाराची किल्ली कोणाच्या कनवटीला असते? यांतला एकहि प्रश्न मीं त्या दिवशीं विचारला नव्हता.

परिणाम अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे. अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडाला, खुब्यांना आणि टांचांना जे व्रण पडतात, त्यांच्याविषयीं फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, असा व्रण पडला तर दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो. आजचें वैद्यक याला थोडी मुरड घालील. कांहीं जर्जर देहांना कितीहि जपलें तरी व्रण पडतात. तथापि कूस वेळेवर पालटली जाते कीं नाहीं, हें पाठ पाहिल्यानें जितकें कळतें तितकें तक्ता पाहिल्यानें कळत नाहीं. तसेंच वजन. तीन महिन्यांत वजन कशानें उतरलें, हा प्रश्न कोणाहि मुलास विचारतां येतो. तसेंच कोरडी जीभ. वृद्धाला तहान कमी जाणवते. त्यांत रात्रीं चादर बदलावी लागूं नये म्हणून संध्याकाळीं पाणी कमी देण्याची खोड एखाद्या ठिकाणीं असली, तर ती कोणत्याहि नोंदवहींत सांपडत नाहीं. पण परिणामहि फसवितो. अगदीं जर्जर झालेल्यांना जवळ करणाऱ्या घरांत मृत्यु अधिक होतात; आणि श्वास लागतांच रोग्याला गाडींत घालून मोठ्या इस्पितळाकडे धाडणाऱ्या घरांत मृत्यूची नोंदच होत नाहीं. आंकडे दुसऱ्याचे चांगले दिसतात, काम पहिल्याचें चांगलें असतें.

राहिली प्रक्रिया. ती घडते बंद दारांमागें आणि आपल्यापर्यंत येते ती नोंदींच्या रूपानें. अमेरिकेंत अशा घरांना एकपासून पांचपर्यंत तारे देण्याची सरकारी पद्धत २००८ सालीं सुरू झाली. तींत तपासनीसांच्या अहवालाच्या जोडीला सेवकांची संख्या आणि रोग्यांची स्थिति धरलेली होती, आणि या दोन बाबींची माहिती आरंभीं बरीचशी संस्थांनींच द्यावयाची होती. ज्याची परीक्षा त्याच्याच हातीं खडू दिल्यावर जें होतें तें तेथेंहि झाल्याच्या तक्रारी झाल्या, आणि सेवकांची संख्या पुढें पगारपत्रकांवरून मोजूं लागले. याचा अर्थ मोजमाप निरर्थक असा नाहीं. मोजमाप नसतें तेथें आंधळा विश्वास असतो, आणि तो अधिक वाईट. परंतु मोजमापाला एक जन्मजात व्यंग आहे: पाहणारा आला कीं पाहिली जाणारी वस्तु बदलते. नाइटिंगेलबाईंनीं शुश्रूषेंतील व्यवस्थेचें मर्म सांगितलें आहे तें याच संबंधांत. तुम्ही हजर असतां जें होतें तें तुम्ही नसतांनाहि होईल अशी व्यवस्था करणें, यालाच त्या व्यवस्था म्हणतात. म्हणजे परीक्षेचा खरा विषय आपली गैरहजेरी हा आहे. आणि आपल्या गैरहजेरींत आपण हजर राहणार कसे?

हा पेंच नवा नाहीं. यावल गांवीं महर्षि व्यासांचें मंदिर आहे. आषाढी पौर्णिमेस तेथें दुरून लोक येतात. त्या व्यासांच्या महाभारतांत आश्रमवासिक नांवाचें एक पर्व आहे. युद्धकथा ऐकण्याच्या भरांत तेथपर्यंत फार थोडे श्रोते पोंचतात. परंतु वृद्धांच्या सेवेविषयीं मीं जें कांहीं वाचलें आहे त्यांत इतकें निर्भीड दुसरें कांहीं मला आठवत नाहीं. युद्ध संपल्यावर आंधळा धृतराष्ट्र आणि गांधारी हीं पंधरा वर्षें पांडवांच्या घरीं राहिलीं. युधिष्ठिरानें व्यवस्थेंत कांहीं उणें ठेवलें नव्हतें. पूर्वीचेच आचारी, पूर्वीचींच पक्वान्नें, भारी वस्त्रें, दानधर्मास हवें तितकें धन. जो धृतराष्ट्राच्या आज्ञेंत राहील तो माझा मित्र आणि जो त्याला दुखवील तो माझा शत्रु, अशी त्यानें सक्त ताकीद दिली होती. रचना म्हणाल तर निर्दोष, नियम म्हणाल तर कडक. कोणत्याहि तपासनीसानें पांच तारे दिले असते.

आणि आंत काय चाललें होतें? भीम त्या वृद्ध जोडप्याला ऐकूं जाईल अशा बेतानें मित्रांमध्यें दंड थोपटीत असे आणि याच बाहूंनीं मीं आंधळ्याचीं पोरें मारलीं असें बोलत असे. धृतराष्ट्रानें अन्न जवळजवळ सोडलें; एक वेळ टाळून, कधीं त्याहूनहि अधिक वेळां टाळून, तो थोडेंसें खाई आणि भुईवर निजे. हें एका गांधारीला ठाऊक होतें. सेवकवर्गांत तो नित्याप्रमाणें जेवतो असाच समज होता, आणि त्या समजाच्या मुळाशीं युधिष्ठिराचा धाक होता. शेवटीं वनांत जाण्याची अनुज्ञा मागतांना तो वृद्ध राजा ग्लानि येऊन गांधारीच्या अंगावर कलला. युधिष्ठिरानें हात लावला, तेव्हां त्याला तें वाळलेलें शरीर कळलें. आणि आपल्याला हें पंधरा वर्षांत कळलें नाहीं म्हणून तो विलाप करूं लागला.

या कथेंत मला तीन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, निगेंत खोट होती ती पदार्थांत नव्हती, शब्दांत होती. आणि शब्दाची नोंद होत नाहीं. दुसरी अशी कीं, कडक ताकिदीनें दोष नाहींसा झाला नाहीं, तो केवळ झांकला गेला. शिक्षेच्या भयानें सेवक खरें करूं लागतील अशी आपली अपेक्षा असते. पण भयानें माणूस प्रथम शिकतो तें 'सर्व ठीक आहे' असें म्हणावयास. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. जो दुःख भोगीत होता तो स्वतःच बोलला नाहीं. ज्याच्या घरांत राहावयाचें त्याच्या भावाचें गाऱ्हाणें त्याच्यापाशीं कसें सांगावें? परस्वाधीन माणसाची हीच दशा असते. ज्या हातांनीं घास भरवावयाचा त्याच हातांविरुद्ध तक्रार करावयाची, आणि भेटीस आलेला मुलगा गेल्यावर रात्र काढावयाची ती त्याच हातांच्या भरंवशावर. म्हणून 'आई, येथें बरें आहे ना?' या प्रश्नाला आलेलें 'बरें आहे' हें उत्तर पुरावा म्हणून घेतां येत नाहीं. तक्रारवही कोरी असणें हेंहि चांगलें लक्षण नव्हे. ज्या घरांत म्हातारीं माणसें वरणांत मीठ नाहीं, पंखा फार वाजतो, कळण्याची भाकरी कोणी देत नाहीं, असें खुशाल कुरकुरतांना आढळतात, तें घर मी अधिक सुरक्षित मानीन. कारण कुरकुरणाऱ्याला तेथें भय वाटत नाहीं.

या भयाच्या पलीकडेहि एक अवस्था आहे. तेथें तक्रार करणारा आणि ऐकणारा दोघेहि नाहींसे होतात व कागद तेवढा उरतो. जून २०२० मध्यें साथीच्या दिवसांत जळगांवच्या शासकीय रुग्णालयांतून ऐंशी ओलांडलेली एक रुग्ण वृद्धा बेपत्ता झाल्याचें घरच्यांना कळविण्यांत आलें. शोध झाला, पोलिसांत वर्दी गेली. आणि सुमारें आठ दिवसांनीं तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहांत सांपडला. पुढें अधिष्ठात्यांसह कांहीं जणांना निलंबित करण्यांत आलें. मला तें वृत्त वाचतांना आठवे तें एवढेंच, कीं तें दार इतके दिवस कोणीं उघडून पाहिलें नाहीं. त्या दिवसांत डॉक्टर आणि परिचारिका आपला जीव धोक्यांत घालून राबत होत्या, हेंहि खरें. त्यांच्यावर सरसकट ठपका ठेवणें अन्यायाचें होईल. परंतु साथीमुळें एक गोष्ट घडली होती, ती येथें महत्त्वाची आहे. नातलगांना आंत येण्यास मनाई होती. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याचा मुलगा, डबा घेऊन आलेली सून, व्हरांड्यांत बसून राहिलेला भाऊ, हीं माणसें इस्पितळाला एरव्हीं अडचण वाटतात. तीं गेल्यावर समजलें कीं 'ती म्हातारी सकाळपासून दिसली नाहीं' असें म्हणणारेंहि कोणी उरलें नव्हतें. जगांतील अनेक देशांच्या वृद्धगृहांचीं दारें त्या वर्षीं अशींच लागलीं होतीं.

यावर कोणी म्हणेल, मग सुरक्षिततेचे नियम आणखी कडक करा. पडूं नये म्हणून खाटेला कठडे, निघून जाऊं नये म्हणून दाराला कुलूप. नियमांना मी हंसणार नाहीं. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. ज्याला स्वतःच्या पायांनीं पळतां येत नाहीं त्याच्या बाबतींत वीजेच्या तारा आणि मोकळा दरवाजा हे नीतीचेच विषय आहेत. त्यांना तांत्रिक म्हणून बाजूस सारणारा प्रेमळ माणूस मला बेफिकीर वाटतो. पण सुरक्षितता ज्याची त्याला विचारून पाहिली पाहिजे. खाटेला बांधलेला वृद्ध कधींच पडत नाहीं. गुंगीचें औषध दिलेला कधीं भटकत नाहीं. पडण्याच्या घटना मोजणाऱ्या वहींत तो आदर्श रोगी ठरतो. अमेरिकेनें १९८७ च्या कायद्यानें सोयीसाठीं किंवा शिक्षेसाठीं रोग्यास जखडून ठेवण्यास मनाई केली, ती हा अनुभव घेतल्यावरच. धृतराष्ट्रालाहि अखेरीस राजवाड्याहून वन बरें वाटलें, आणि युधिष्ठिर त्यास जाऊं देईना, तेव्हां स्वतः व्यासांनीं येऊन त्याचें मन वळविलें. त्याच वनांत पुढें वणव्यांत धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती यांचा अंत झाला, हें व्यासांनीं लपविलें नाहीं. स्वातंत्र्याला किंमत असते आणि ती कधीं फार मोठी असते. मग निर्णय कोणाचा? माझें मत असें कीं, शुद्धीवर असलेल्या वृद्धाला जो धोका पत्करावयाचा असेल तो त्याला पत्करूं द्यावा. आणि जो धोका आपल्या आळसानें उत्पन्न होतो, ओली फरशी, तुटका दिवा, कुलूप लावलेलें मागचें दार, तो मात्र त्याच्या माथीं मारूं नये. वृद्धानें अंगणांत जातांना पडणें आणि घंटा वाजवूनहि कोणी न आल्यामुळें पडणें, या दोन्ही गोष्टी वहींत एकाच रकान्यांत येतात. नीतीच्या दृष्टीनें त्यांचें गोत्र एक नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आपल्या समाजांत सर्वांत मोठ्यानें येतो: इतकी भानगड कशाला? आईबापांची जागा घरांत. बाहेर ठेवणें हेंच मुळीं पाप. या आक्षेपांत जिव्हाळा आहे, पण एक गैरसमजहि आहे. धृतराष्ट्र कोणत्या वृद्धाश्रमांत होता? तो घरींच होता. घराची तपासणी कोणी करीत नाहीं, म्हणून घर नेहमीं उत्तीर्ण होतें. खानदेशांतील कितीतरी वाड्यांत शेवटच्या खोलींत एक खाट असते. दुपारीं ताट आंत सरकविलें जातें, आणि आईला बाहेर ठेवली नाहीं म्हणून मुलाची वाहवा होते. जेथें निगा खरोखर होते तेथें ती कोण करतें, हेंहि पाहिलें पाहिजे. मुलाच्या कर्तव्याचा गौरव होतो आणि रात्रीं दोन वाजतां उठते सून. स्वतःच्या कर्तव्याचें ओझें दुसऱ्याच्या पाठीवर देऊन त्याचें पुण्य आपण घेणें, ही गोष्ट पैसे मोजून संस्थेंत ठेवण्याहून अधिक नीतीची आहे असें मला म्हणवत नाहीं.

पैसे मोजून ठेवल्यानेंहि प्रश्न सुटत नाहीं, तो एका नव्या माणसापर्यंत जातो. संस्थेंत सूनबाईच्या जागीं आया येते. तिला आपण मावशी म्हणतों, आणि त्या नात्यापलीकडे तिच्याविषयीं कांहीं विचारीत नाहीं. तिला रात्रपाळीनंतर निजावयास जागा आहे काय, एका वेळीं किती देह तिनें उचलावयाचे, आजारी पडल्यास तिचा रोज बुडतो काय? जी संस्था तिला बसावयास खुर्ची देत नाहीं तिच्याकडून रोग्याला धीर मिळेल, ही आशा व्यर्थ आहे. संस्था पाहावयास जाणाऱ्यानें मावशी तेथें किती वर्षें आहेत हें अवश्य विचारावें. माणसें टिकतात तेथें सेवा टिकते. दर दोन महिन्यांनीं चेहरे बदलतात तेथें कोणाचा कोणता हात चालतो हें कोणाच्याच लक्षांत राहात नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. निगा पुरी ओळखतां येत नाहीं. मग दुसऱ्याच्या हातीं द्यावी काय? माझें उत्तर असें कीं, काम देतां येतें, लक्ष देऊन टाकतां येत नाहीं. कूस पालटणें, स्नान घालणें, औषध देणें हें शिकलेल्या माणसाच्या हातून आपल्याहून चांगलें होऊं शकतें, आणि तसें असतांना केवळ लोकलाजेस्तव आईला अडाणी हातांत ठेवणें हें प्रेम नव्हे. परंतु ती कशी आहे हें जाणण्याचें काम मोबदला देऊन दुसऱ्याकडे सोंपवितां येत नाहीं. २००७ च्या कायद्यानें मुलांकडून दरमहा कमाल दहा हजार रुपयांपर्यंत चरितार्थ देवविण्याची तरतूद केली. मुलानें महिन्यांतून किती वेळां, कोणत्या वेळीं आणि न कळवितां जावें, हें कोणताहि कायदा लिहूं शकणार नाहीं. परीक्षा ही प्रवेशाच्या दिवशीं उरकावयाची गोष्ट नाहीं. ती रोजच्या निगेचाच एक भाग आहे, आणि तो भाग आपला आहे.

आपल्या भाषेनें हें फार पूर्वींच सांगून ठेवलें आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणें. त्याचें इच्छार्थक रूप 'शुश्रूषा'. तिचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचें ऐकण्याची इच्छा, त्यावरून गुरूची सेवा, आणि त्यावरून रोग्याची सेवा, असा अर्थ पुढें वाढत गेला. जेथें ऐकण्याची इच्छा उरली आहे तें शुश्रूषागृह, मग तें संस्थेचें असो वा घरचें. यावलची म्हातारी आपल्या बोलींत काय म्हणते हें समजणारें, आणि समजून घ्यावें असें वाटणारें, एक तरी माणूस तेथें आहे काय, हा प्रश्न मी आतां इतर सर्व प्रश्नांच्या अगोदर विचारीन.

त्या बागाइतदारानें आईला तेथेंच ठेवलें. तो दर आठवड्यास जातो. वार ठरलेला नसतो, वेळ मात्र बहुतेक जेवणाची साधतो. पहिल्याच दिवशीं त्यानें मावशींना बोलावून पेल्याची गोष्ट सांगितली. त्या रागावल्या नाहींत. हें आम्हांला कोणीं सांगितलेंच नव्हतें म्हणाल्या, आणि मेज उचलून डावीकडे ठेवलें. पुढच्या खेपेस मीहि बरोबर गेलों होतों. आणखी एका खाटेचें मेज डावीकडे आलेलें दिसलें. म्हातारीनें आम्हांला पाहतांच तक्रार सुरू केली: भाकरी जाड थापतात, आणि समोरची बाई रात्रभर बोलत राहते. तो पायथ्याशीं बसून सगळें ऐकत होता.